सुट्टी दुसऱ्यांची

१ मे. पांढरकवड्यात झेंडावंदनाला अजून अवकाश आहे, पण टिपेश्वर अभयारण्याच्या सुन्ना गेटवर पहाटेच जिप्सींची रांग लागलीय. नागपूरकडून आणि हैदराबादकडून आलेली, झोप न झालेली माणसं.

जपानमध्ये याच दिवसांत, २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात, चार सरकारी सुट्ट्या येतात आणि अवघा देश प्रवासाला निघतो. ‘गोल्डन वीक’ म्हणतात त्याला. त्यातली ४ मेची सुट्टी तर खास हिरवाईची. इथं, केळापूर तालुक्यात, गर्दी होते ती हिरवाई गेल्यावर! सागाची पानं झडलेली, गवत वाळलेलं, पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर. वाघ दिसायचा तो आताच.

आमचा गाईड झाडीकडे बघतच नव्हता. त्याची नजर चाकोरीतल्या धुळीवर. एका वळणावर त्यानं हात वर केला, गाडी थांबली. कालच्या चाकाच्या नक्षीवर पंजा उमटला होता. “गाडी आधीची, वाघ मागचा,” एवढंच बोलला. पंजावरून किड्याची रेघ गेलेली नव्हती, म्हणजे ठसा ताजा. मग इंजिन बंद. लांबून चितळ ओरडलं. तो हलला नाही. चितळ भित्रं, पान सळसळलं तरी ओरडतं. पण झाडाच्या शेंड्यावरून वानर खाकरलं तसा तो ताठ झाला. वानराला वरून दिसतं ना.

अर्धा तास गेला. मागच्या सीटवरच्या काकूंनी वाघ कधी येईल असं विचारलं.

“वाघ काय घरचा हाये का जी?”

इथला एक वाघ तर आरक्षणाशिवायच प्रवासाला निघाला होता. टिपेश्वरात जन्मलेला ‘वॉकर’, गळ्यात रेडिओ कॉलर. २०१९ मध्ये तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला.

आम्हाला वाघ दिसला नाही. परतताना मी गाईडला विचारलं, तुम्हाला सुट्टी कधी? पोरं मामाकडे गेलीत, त्यानं सांगितलं. तो मात्र बुद्धपौर्णिमेच्या रात्रीही मचाणावर, पाणवठ्यावरची जनावरं मोजायला.

“आणि पावसाळ्यात? गेट बंद असतं तेव्हा?”

“तवा वावर राह्यते जी. कपाशी,” म्हणाला, आणि दुपारच्या फेरीसाठी बाटली भरायला गेला.