सोळा घरांचे दोन चौरस

०, १, २, ३ हे चार आकडे घेऊन सोळा घरांचा चौरस असा भरा:

० १ २ ३
१ २ ३ ०
२ ३ ० १
३ ० १ २

एकाही ओळीत किंवा रकान्यात कुठलाही आकडा दोनदा आलेला नाही. अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. आता हा दुसरा:

० १ २ ३
१ ० ३ २
२ ३ ० १
३ २ १ ०

हाही लॅटिन चौरसच. आता दोन्हींची घरं रंगवायची आहेत. एका ओळीतल्या, एका रकान्यातल्या किंवा सारखाच आकडा असलेल्या दोन घरांना एक रंग चालणार नाही. दुसऱ्या चौरसाचं काम चार रंगांत भागतं, पहिल्याला मात्र सहा रंग लागतात.

हा ग्राफ रंगवण्याचा प्रश्न आहे. प्रत्येक घर म्हणजे एक बिंदू, आणि ज्या दोन घरांना एक रंग चालत नाही त्यांच्यामध्ये एक रेघ. रेघेच्या दोन टोकांना कधीच सारखा रंग येऊ नये म्हणून जे कमीत कमी रंग लागतात, तो त्या ग्राफचा क्रोमॅटिक नंबर. या विषयाचा उगम १८५२ सालात सांगतात. इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना फ्रान्सिस गथ्री याला चार रंग पुरतात असं दिसलं. ते सिद्ध व्हायला १९७६ उजाडलं. अ‍ॅपल आणि हाकेन यांनी त्यासाठी संगणक राबवला. नकाशाची ही गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. चौरसांची गोष्ट त्याहून जुनी आहे आणि तिच्यात एक मराठी गणिती आहे, म्हणून मला ती सांगायची आहे.

आधी चार आणि सहाचं कोडं उलगडू. दोन्ही ग्राफांत बिंदू १६. प्रत्येक बिंदूतून निघणाऱ्या रेघा ९, एकूण रेघा ७२. जोडलेले कुठलेही दोन बिंदू घेतले तर त्यांचे सामाईक शेजारी ४. न जोडलेले घेतले तर ६. या मोजदादीत दोघांत तसूभरही फरक नाही.

फरक कळतो तो एका रंगात किती घरं बसतात हे पाहिल्यावर. ओळी चार, म्हणून एका रंगाची घरं जास्तीत जास्त चार. ती चारही वेगळ्या ओळींत, वेगळ्या रकान्यांत हवीत आणि त्यांतले आकडेही ०, १, २, ३ असे सगळे वेगळे हवेत. ओळींना आणि रकान्यांना ० ते ३ असे क्रमांक द्या. पहिल्या चौरसातला प्रत्येक आकडा म्हणजे ओळीचा क्रमांक अधिक रकान्याचा क्रमांक. बेरीज ४ किंवा जास्त झाली की तिच्यातून ४ वजा. अशी चार घरं निवडली, तर ओळींच्या क्रमांकांची बेरीज ६, रकान्यांची ६, मिळून १२. तिला ४ नं भाग जातो, तेव्हा घरांतल्या आकड्यांच्या बेरजेलाही जायला हवा. पण ०, १, २, ३ यांची बेरीज होते ६! तेव्हा पहिल्या चौरसात एका रंगात तीनच घरं मावतात. पाच रंगांत झाली पंधरा, सोळाव्यासाठी सहावा रंग आलाच. सहा रंगांत मात्र सगळी घरं बसतात. पेन्सिल घेऊन बसलं की जमतं.

दुसऱ्या चौरसात वरून खाली येत पहिलं, तिसरं, चौथं आणि दुसरं घर घ्या. आकडे येतात ०, ३, १, २. अशा चार चौकड्यांत सोळाही घरं वाटली जातात.

आता दोन्ही ग्राफांत रेघ आहे तिथे पुसा आणि नाही तिथे ओढा. दुसऱ्या चौरसातून मिळतो तो ४ × ४ च्या बुद्धिबळपटावरच्या हत्तीचा ग्राफ: हत्ती एका चालीत जिथे जाऊ शकतो, तिथे रेघ. पहिल्यातून जो मिळतो त्याला जगभर ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणतात.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागरचा. शिक्षण नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात, आणि १९५० साली डॉक्टरेट अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्याकडे. पुढे १९६३ पासून १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत मुंबई विद्यापीठातलं गणिताचं उच्च अध्ययन केंद्र त्यांनी सांभाळलं. २०२० साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर ते गेले.

त्यांचं नाव गाजलं ते ऑयलरच्या एका अंदाजामुळे. १७७९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे ऑयलरनं एक प्रश्न मांडला. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. सहा पलटणींतून प्रत्येकी सहा हुद्द्यांचे असे ३६ अधिकारी आहेत. प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच येईल, अशी त्यांची रांग लावता येईल का? पलटणींच्या जागी आकडे आणि हुद्द्यांच्या जागी रंग ठेवले की हा आपलाच प्रश्न होतो: ६ × ६ चा एखादा लॅटिन चौरस सहा रंगांत रंगेल का? ऑयलरच्या मते नाही. शिवाय २, ६, १०, १४, १८ अशा, ४ नं भागल्यावर २ उरणाऱ्या कुठल्याच संख्येला हे जमणार नाही, असा त्याचा अंदाज होता. सहापुरतं त्याचं खरं ठरलं. गॅस्टन टॅरी यानं १९०० च्या सुमारास सगळ्या शक्यता हातानं तपासल्या. ठरावीक रूपात मांडल्यावरही ते चौरस ९४०८ भरतात.

१९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी २२ × २२ चा चौरस रचून दाखवला आणि अंदाज कोसळला. पाठोपाठ अर्नेस्ट पार्कर यानं १० × १० चा रचला. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की २ आणि ६ सोडले तर प्रत्येक संख्येला हे जमतं. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही बातमी पहिल्या पानावर घेतली.

त्याच वर्षी श्रीखंडे यांचा आणखी एक निबंध आला, त्याची बातमी कुठे झाली नाही. प्रश्न असा: हत्तीचा ग्राफ नुसत्या मोजदादीवरून, म्हणजे किती बिंदू, प्रत्येकाला किती रेघा, सामाईक शेजारी किती एवढ्यावरून ओळखता येतो का? श्रीखंडे यांनी दाखवलं की पट कितीही मोठा असो, येतो. अपवाद फक्त ४ × ४ चा. तिथे तीच मोजदाद असलेला दुसरा एक ग्राफ आहे, आणि तो एकच आहे. १६ बिंदू, प्रत्येकाला ६ रेघा, एकूण ४८, कुठल्याही दोन बिंदूंना सामाईक शेजारी २. हत्तीच्या ग्राफात एकमेकांशी पूर्ण जोडलेले चार बिंदू सापडतात, कारण पटाची एक ओळ म्हणजे तेच. श्रीखंडे ग्राफात तिनापुढे जाता येत नाही. रेघा पुन्हा उलटवल्या की हेच चार आणि सहा रंग होऊन समोर येतात.

माझ्या मते हा छोटा अपवाद ऑयलरच्या पाडावाइतकाच मोलाचा आहे. शेजारी मोजून क्रोमॅटिक नंबर हाती लागेल ही आशा इतक्या लहान उदाहरणात मोडलेली मला दुसरीकडे दिसली नाही. दोन ग्राफ एकच आहेत की वेगळे, हे ओळखणारी कुठलीही पद्धत तपासायची झाली, तर आजही ही जोडी हमखास पुढे केली जाते. गणिताच्या आपल्या वर्गांत श्रीखंडे यांच्या नावाबरोबर हे सोळा बिंदूही फळ्यावर काढले जावेत, असं मला फार वाटतं.

चौरसांचं कामही संपलेलं नाही. चौरसाची बाजू विषम असेल, तर एका रंगाला चालतील अशी पूर्ण बाजूभर घरं त्यात नेहमी सापडतात का, हा हर्बर्ट रायसरचा १९६७ चा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. दहाचंही तसंच. १० × १० चे दोन लॅटिन चौरस एकमेकांशी जुळतात, म्हणजे एकाचे आकडे दुसऱ्याचे रंग म्हणून चालतात, हे १९५९ पासून माहीत आहे. पण ज्यांतले कुठलेही दोन जुळतील असे तीन चौरस आहेत की नाहीत, याचं उत्तर आजवर ना माणसाला सापडलं, ना संगणकाला.