डीएचसीपी सर्व्हरवरील पत्ता-नोंदींचे जतन व पुनःस्थापन

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकास ठरावीक मुदतीसाठी आयपी पत्ता देण्याचे कार्य डीएचसीपी सर्व्हर करतो. विंडोज सर्व्हरमध्ये ही मुदत मुळात ८ दिवसांची असते आणि कोणता पत्ता कोणास दिला, याची नोंद 'डीएचसीपी.एमडीबी' या फाइलमध्ये राहते. या नोंदींची प्रत सर्व्हर दर ६० मिनिटांनी आपोआप काढतो. परंतु ती त्याच डिस्कवर ठेवली जाते. डिस्क निकामी झाली की मूळ व प्रत दोन्ही जातात. खापरखेड्यात १३४० मेगावॅटचे औष्णिक विद्युत केंद्र असले, तरी यूपीएसची बॅटरी जुनी झाल्यावर सर्व्हर अचानक बंद पडतोच! म्हणून प्रत दुसऱ्या यंत्रावरही ठेवणे अगत्याचे होय.

खरी अडचण पुनःस्थापनेनंतर उद्भवते. प्रत जुनी असल्यास त्यानंतर दिलेले पत्ते सर्व्हरच्या लेखी मोकळेच असतात. तो तेच पत्ते इतर संगणकांस देऊ शकतो आणि ऐन ऑनलाइन परीक्षेत दोन विद्यार्थ्यांचे संगणक एकाच पत्त्यावर येऊन संपर्क तुटतो. यासाठी 'कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन' हा पर्याय काही दिवस सुरू ठेवावा. मग सर्व्हर पत्ता देण्यापूर्वी पिंग करून पाहतो. मात्र संगणकाच्या फायरवॉलने पिंग अडविल्यास ही तपासणी फसते. 'रिकन्साइल' या आज्ञेने नोंदी रजिस्ट्रीतील माहितीशी ताडून घ्याव्यात. डीएनएस नोंदी अद्ययावत करण्यासाठी दिलेल्या खात्याचे नाव व पासवर्ड या प्रतीत येत नाहीत. ते पुन्हा हाताने भरावे लागतात.