गोड्या विहिरीचा बिनतारी राखणदार

तारकर्ली-देवबाग म्हणजे कर्ली नदीची खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामधील वाळूची अरुंद पट्टी. अशा भूमीत पावसाचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी १ मीटर असेल, तर ढोबळ मानाने खाली त्याचा थर सुमारे ४० मीटर असतो. साहजिकच उन्हाळ्यात पंपाने अतिउपसा झाल्यास वरची पातळी थोडी उतरते, पण खालचे खारे पाणी कितीतरी वर चढते. पाण्याची चव बिघडण्यापूर्वीच सूचना मिळावी, यासाठी उपयोगी ठरेल अशा एका साधनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

‘ईएसपी-३२’ ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ साली आणलेली चिप होय. ती बसविलेला, तळहातावर मावणारा डेव्हलपमेंट बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. मूळ चिपमध्ये २४० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे दोन प्रोसेसर, ५२० किलोबाइट मेमरी, वाय-फाय व ब्लूटूथ हे सारे एकत्र आहे. यूएसबी केबलने संगणकाशी जोडून तिला आज्ञावली देता येते.

खारट पाण्यातून वीज अधिक सहजतेने वाहते. विहिरीत सोडलेला सेन्सर ही वाहकता मोजतो, बोर्ड ते मोजमाप वाचतो आणि ठरविलेली मर्यादा ओलांडताच घरच्या वाय-फायद्वारे मोबाइलवर संदेश धाडतो. रिले जोडल्यास पंपही बंद करता येतो. मात्र ती जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

काही मर्यादा ध्यानी घ्याव्यात. बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा संकेत थेट दिल्यास चिप निकामी होऊ शकते. सेन्सरचे संकेत वाचणाऱ्या पिनांचे दोन गट असून वाय-फाय चालू असता दुसरा गट वापरता येत नाही. म्हणून सेन्सर पहिल्या गटालाच जोडावा. मूळ चिपचे वाय-फाय केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते. बॅटरी टिकावी म्हणून दोन मोजमापांच्या मधल्या काळात चिपला ‘डीप स्लीप’मध्ये ठेवावे. खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, यास्तव बोर्ड हवाबंद डब्यात असावा.

हे यंत्र केवळ इशारा देते, पाणी वाचवीत नाही. वाळूखालचा गोडा थर सर्व शेजाऱ्यांचा सामाईक आहे. एकाच्या पंपाने दुसऱ्याची विहीर खारट होऊ शकते. म्हणून इशारा मिळताच उपसा थांबविणे, हे आपणा सर्वांचेच काम आहे.