वैऱ्याच्या घरचा गहू

वैऱ्याच्या कोठारातील दाणा कोणी आपल्या चुलीवर शिजवील काय? इतिहास ‘होय’ म्हणतो. 1972 साली पीक बुडालेल्या सोव्हिएत संघाने अमेरिकेच्या खाजगी व्यापाऱ्यांकडून गाजावाजा न करता सुमारे एक कोटी टन धान्य खरेदी केले. परस्परांवर अण्वस्त्रे रोखलेली असताना हा सौदा झाला! निर्यातीस अनुदान देणाऱ्या अमेरिकेच्या पदरी मात्र महागाई पडली. पुढे 1975 च्या कराराने सोव्हिएत संघावर दरसाल किमान 60 लाख टन गहू व मका घेण्याचे बंधन आले.

डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. जानेवारी 1980 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी 1 कोटी 70 लाख टनांची विक्री रोखली. ती उणीव अर्जेंटिना आदी देशांनी बरीचशी भरून काढली. हळहळला तो अमेरिकेचा शेतकरी. एप्रिल 1981 मध्ये रेगन यांनी बंदी उठविली, आणि 1983 च्या करारात किमान खरेदी 90 लाख टनांवर गेली.

व्यापाराने वैर मिटते, असे आम्ही म्हणत नाही. ते मिटले नव्हतेच. परंतु बंदीचा घाव घालणाऱ्याच्या हातालाही लागतो, हे आम्हांस येथे दिसते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण येथे लागू पडली नाही. कारण गरज सरलीच नव्हती.