गुरुजी थकले तर शिकवणार कोण?



खोडव्यावर खोडवा घेत गेलं आणि जमिनीला परत काहीच दिलं नाही, तर एकरी टनेज घसरतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. माणसाचंही तसंच आहे. जरा आपल्या गावच्या शाळेतल्या गुरुजींकडं आणि बाईंकडं या नजरेनं पाहा.

सकाळी हातात खडू येण्याआधी मोबाईल येतो. पोषण आहाराची संख्या कळवा, तांदळाचा हिशेब ठेवा, ऑनलाइन माहिती भरा. त्यात शाळा दोनशिक्षकी असली आणि गुरुजी बैठकीला गेले, की पहिली ते चौथीचा सगळा भार एकट्या बाईंवर. गळीत हंगामात तोडणी कामगारांची मुलं वर्गात येतात, त्यांची जरा कुठं घडी बसते, तोवर हंगाम संपून ती निघून जातात. शिक्षक शिकवून थकत नाही. धड शिकवायला मिळत नाही म्हणून थकतो.

इथं मुख्याध्यापकांचा कस लागतो. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 27 प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. हा आधार मुख्याध्यापकांनी धरावा. कागदपत्रांची वेळ ठरवावी आणि ते काम सर्वांत वाटावं. तास चालू असताना कुणाला वर्गाबाहेर बोलावू नये. चूक एकट्याला बसवून सांगावी, कौतुक मात्र चारचौघांत करावं. नव्या शिक्षकाला जुन्याजाणत्याच्या वर्गात बसू द्यावं. पाठाची तयारी म्हणजे रिकामपण नव्हे. कायद्यानं आठवड्याचे 45 तास सांगितले, तेही तयारीचा वेळ धरूनच.

पण मुख्याध्यापक एकटे किती पुरे पडणार? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे आपणच की! सभेत आपण पत्रे आणि रंगरंगोटी विचारतो. पुढच्या सभेत एवढंच विचारा, “गुरुजी, शिकवायला वेळ मिळतो का?” उत्तर ‘नाही’ आलं, तर कारण लिहून घ्या, ठराव करा आणि वर पाठवा.

ऊसदरासाठी आपण एकजुटीनं उभे राहतो. मग पोरांच्या गुरुजींसाठी मागं का राहायचं?