गुप्तधन, यंत्र आणि हिशेब

जमिनीत पुरलेल्या धनाची ओढ मराठवाड्याला नवी नाही. बँका नव्हत्या त्या काळी मोहरांचा हंडा घराच्या जोत्याखाली पुरणे हाच बचतीचा मार्ग होता. स्वाऱ्या, दुष्काळ, साथी यांत पुरणारा गेला की हंडा मागे राही. त्यामुळे गुप्तधनाच्या वदंता सर्वस्वी निराधार म्हणता येत नाहीत. मात्र या लालसेची अघोरी परिसीमाही याच भूमीने पाहिली. परभणी जिल्ह्यातील मानवत येथील १९७२ ते १९७४ मधील हत्याकांड गुप्तधनाच्या हव्यासाशी जोडले गेले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने धनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरविली. आता मांत्रिकाच्या जागी यंत्र येऊ पाहत आहे. भूगर्भाचे रंगीत चित्र दाखविणारी, काही लाख रुपये किमतीची ही यंत्रे हौशी शोधकाला परवडतात काय, हे हिशेबाच्या कसोटीवर तपासले पाहिजे.

जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावचे शिवार उदाहरणादाखल घ्यावे. या भागात काळी चिकण माती आणि तिच्याखाली बेसाल्ट खडक. यंत्रांपैकी एक जात जमिनीत रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपते. ओलसर चिकण माती त्या लहरी वरच्यावर शोषून घेते. दुसरी जात भूचुंबकत्वातील फरक मोजते. बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे, आणि सोने मुळीच नाही! शिवाय भाजलेली मातीही चुंबकत्व धरून ठेवते. ज्या गावाच्या नावातच कुंभार आहे, तेथे एखाद्या जुन्या आव्याचे अवशेष पडद्यावर ठळक उमटतील आणि खणणाऱ्याच्या हाती खापरे येतील. पडद्यावरचा लाल डाग सोन्याचा की दगडाचा, हे यंत्र सांगत नाही. ते ठरवितो पाहणारा, आणि त्याचे मन आधीच सोन्याकडे झुकलेले असते.

ही चूक तज्ज्ञांकडूनही होऊ शकते. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील दौंडिया खेडा येथे एका साधूच्या स्वप्नातील हजार टन सोन्याचा शोध सुरू झाला. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या यंत्रांनी जमिनीखाली धातूची शक्यता दर्शविली होती. पुरातत्त्व खात्याने खणले. खापरे मिळाली, सोने मिळाले नाही.

आता हिशेब. समजा, यंत्राची किंमत पाच लाख रुपये. हीच रक्कम सात टक्के व्याजाने ठेवली तर वर्षाला पस्तीस हजार रुपये मिळतात. म्हणजे यंत्र कोपऱ्यात पडून राहिले तरी तेवढे नुकसान ठरलेले. धन सापडण्याची शक्यता शंभरात एक धरली, आणि हा अंदाज उदारच म्हणावा लागेल, तर केवळ मुद्दल निघण्यासाठी शोधकाच्या वाट्याला पाच कोटी यावे लागतील.

सापडलेले सर्व धन त्याचे होते असेही नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो. मालक नसल्यास तीन चतुर्थांश शोधकाला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. परंतु सरकारने निधी ठेवून घेतल्यास मोबदला धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक एवढाच. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानानेही या विषयाचा स्वतंत्र कायदा केला होता. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. परवान्याविना त्याचा व्यापार करता येत नाही. ऐतिहासिक मोलाचा नफा असा शोधकाच्या हातून निसटतो. आणि लपवाछपवी केली तर तुरुंगाचा मार्ग मोकळा होतो.

इंग्लंडचा दाखला पुष्कळदा दिला जातो. तेथे २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या नांगरलेल्या शेतात सापडलेल्या सुवर्णनिधीचे मूल्य सुमारे ३२ लाख ८५ हजार पौंड ठरले. पण तो निधी साध्या हातयंत्राने सापडला, आणि नांगराने तो वरच आणून ठेवला होता. चित्र रेखाटणाऱ्या महागड्या यंत्राचे त्यात काहीच श्रेय नव्हते. शोध नोंदवून घेणारी व्यवस्थाही तेथे आहे.

याचा अर्थ ही यंत्रे निरुपयोगी आहेत असा नव्हे. पुरातत्त्वज्ञाच्या हाती ती उत्खननाची जागा सुचवितात. त्याला खापरही मोलाचे असते, म्हणून त्याचा शोध वाया जात नाही. हौशी शोधकाला मात्र सोन्याखेरीज सारे व्यर्थ. ज्या तालुक्यात विहिरीला पाणी लागावे म्हणून शेतकरी कर्ज काढतो, तेथे लाखो रुपये अशा आशेत गुंतविणे हा छंद नव्हे, जुगार होय. त्या व्यवहारात निश्चित लाभ एकालाच होतो, आणि तो यंत्र विकणाऱ्याला.