सेंद्रिय भाजीला दुप्पट पैसे द्यावेत का?

अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न वारंवार कानावर येतो. ‘डॉक्टर, सेंद्रिय भाजी घ्यावी का? परवडत नाही, पण साधी भाजी घेतली की मुलांना विष घालतोय असं वाटतं.’ विचारणारे बहुतेक महिन्याचा हिशेब वहीत लिहिणारे असतात. ‘चांगली असते, घ्या’ एवढे सांगून त्यांचे भागत नाही. दुप्पट पैसे मोजून नेमके काय मिळते आणि तेच पैसे स्वयंपाकघरात दुसरीकडे खर्च केले तर काय मिळेल, हे दोन्ही पाहावे लागते.

सेंद्रिय म्हणजे काय?

रासायनिक खते, कृत्रिम कीटकनाशके, तणनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे न वापरता पिकवलेला माल तो सेंद्रिय. सेंद्रिय शेतीत फवारणीच नसते, असे मात्र नव्हे. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क फवारले जातातच; मोरचुदासारखी तांब्याची औषधेही मर्यादेत चालतात. देशाच्या नियमांप्रमाणे रसायने बंद केल्यावर हंगामी पिकांची जमीन सेंद्रिय ठरायला साधारण दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे लागतात. त्या काळात उत्पन्न घटते, खुरपणीची मजुरी वाढते, प्रमाणपत्राचा खर्च येतो. त्यामुळे दर चढा असला म्हणून शेतकरी लुबाडतो असे समजू नये.

पोषण जास्त असते का?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्न ठळकपणे जास्त पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१४ साली झालेल्या ३४३ अभ्यासांच्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. पण त्यामुळे खाणाऱ्याची प्रकृती किती सुधारते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. लोह, प्रथिने, तंतुमय पदार्थ यांसाठी साधी मेथी आणि सेंद्रिय मेथी यांत तुमच्या आमच्या शरीराला जाणवेल असा फरक नाही, असे धरून चालावे.

कीटकनाशकांच्या अंशांत मात्र फरक आहे. स्टॅनफर्डच्या आढाव्यात साध्या मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत असे अंश सापडले, सेंद्रिय मालाच्या ७ टक्के. अंश सापडणे म्हणजे धोक्याची मर्यादा ओलांडणे नव्हे. पण सेंद्रिय घेणाऱ्याला त्याच्या पैशाचा मोबदला मिळतो तो मुख्यतः येथे.

कर्करोगाचे काय? फ्रान्समधील सुमारे ६९ हजार लोकांच्या २०१८ सालच्या अभ्यासात सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोग सुमारे २५ टक्के कमी आढळला. त्याआधी २०१४ साली ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात एकूण कर्करोगात अशी घट दिसली नव्हती. सेंद्रिय खाणारे लोक बहुधा सुस्थितीतले, व्यायाम करणारे, तंबाखूपासून दूर राहणारे असतात. गुण भाजीचा की राहणीचा, हे वेगळे काढणे अवघड जाते.

गर्भवतींच्या बाबतीत अधिक जपावे. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणी ज्या मातांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या खुणा सर्वाधिक होत्या, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सर्वांत कमी खुणा असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. या माता फवारणीच्या शेतांजवळ राहणाऱ्या होत्या, हे लक्षात ठेवावे. भाजी विकत आणून खाणाऱ्या शहरी स्त्रीला तोच आकडा लावता येत नाही.

हिशेब मांडून पाहू

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. चार माणसांच्या घराला रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी झाली. सरासरी ४० रुपये किलो धरली तर महिन्याला १,९२० रुपये. दुप्पट दराने ३,८४० रुपये. बहुतेक घरांत हा वरचा खर्च झेपत नाही. मग पैसे तेवढेच राहतात आणि भाजी निम्मी होते. मला खरी भीती वाटते ती याची.

मध्यंतरी सातव्या महिन्यातली एक मुलगी तपासणीला आली. हिमोग्लोबिन ८.२. नवरा नोकरदार, काळजी घेणारा. दर रविवारी कोल्हापूरहून सेंद्रिय भाजीची पिशवी आणणारा. आठवडाभर काय काय खाल्लेस, असे विचारल्यावर उलगडा झाला. पिशवी बुधवारी संपते. गुरुवार ते शनिवार बटाटा नाहीतर लोणचे-भात. दारावर येणारी मेथी, चाकवत, लाल माठ ‘फवारलेला’ म्हणून सासूबाई परत पाठवतात. सेंद्रिय सफरचंद परवडत नाही म्हणून फळच बंद. लोहाच्या गोळ्या पोटात जळजळते म्हणून तिने सोडलेल्या. मी त्या जेवणानंतर पुन्हा सुरू करायला लावल्या आणि दारावरची पालेभाजी रोज घ्यायला, नीट धुऊन, वर लिंबू पिळून खायला सांगितले. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.४ झाले. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा, हे मान्य. पण ताट भरले हेही खरे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. अशा घरात भाजी कमी पडणे परवडणारे नाही.

मग विषाचे काय करायचे?

भाजी धुण्याने बरेच साधते. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावी. पालेभाजी निवडून दोन-तीन पाण्यांतून काढावी. कोबीची वरची पाने काढून टाकावीत. काकडी, गाजर, सफरचंद सोलून घेतल्यास अंश आणखी कमी होतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्याने सालीवरची दोन कीटकनाशके मोठ्या प्रमाणात निघाली. एक लिटर पाण्याला दोन लहान चमचे सोडा पुरे. पुढे साध्या पाण्याने धुवावे. साबण किंवा भांडी घासायची पावडर कदापि वापरू नये. जी औषधे झाडाच्या आत मुरतात, ती धुण्याने जात नाहीत, हेही खरे. आणि शेणखतावरची सेंद्रिय भाजीदेखील जंतूंसाठी तितकीच धुवावी लागते.

थोडे जास्त पैसे खर्च करता येत असतील, तर ते सरसकट न टाकता निवडून टाकावेत. द्राक्षे, फ्लॉवर, वांगी, भेंडी, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर यांवर फवारे जास्त पडतात. द्राक्षे तर सालीसकट खाल्ली जातात. येथे खात्रीचा सेंद्रिय माल घेण्यात अर्थ आहे, विशेषतः घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल तर. उलट नारळ, केळी, कांदा, फणस, शेवगा, ज्वारी, बाजरी, नाचणी यांसाठी दुप्पट मोजण्याची गरज नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू स्वस्तात मिळतात, त्यांना कोणी फवारलेले नसते. परसात कढीपत्त्याचे झाड लावले तर तोही प्रश्न मिटला.

सेंद्रिय साखर ही साखरच आणि सेंद्रिय गूळ हा गूळच. मधुमेह्यांनी या शब्दाला भुलू नये. सेंद्रिय बिस्किटांसाठी पैसे घालवण्यापेक्षा मूठभर शेंगदाणे बरे.

पाकिटावर ‘नैसर्गिक’, ‘गावरान’, ‘विषमुक्त’ लिहिले म्हणजे माल सेंद्रिय ठरत नाही. प्रमाणपत्राचा शिक्का आणि क्रमांक पाहावा. ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह २०१७ च्या नियमांनी आले. लहान शेतकरी स्वतः थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तेथे ओळख आणि विश्वास कामाला येतो. जमल्यास एकदा त्याचे शेत पाहून यावे.

बागायतदार वाचकांसाठी

आपल्या तासगाव, मिरज भागात या स्तंभाचे कितीतरी वाचक स्वतः बागायतदार आहेत. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली होती, ते त्यांच्या लक्षात असेल. निर्यातीच्या द्राक्षांची प्रयोगशाळेत तपासणी होते. आठवडी बाजारात जाणारी पाटी कोणी तपासत नाही. फवारणी आणि तोडणी यांमध्ये औषधाच्या डब्यावर दिलेले दिवस जाऊ देणे, हीच तेथे ग्राहकाची राखण. घरासाठी न फवारलेली ओळ राखणाऱ्यांनी बाजारच्या ओळीसाठी निदान एवढे पाळावे.

कीटकनाशकाचा सर्वांत मोठा मारा होतो तो फवारणाऱ्यावर. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारू नये. हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. औषध कालवताना तंबाखू मळू नये. मळमळ, घाम, धूसर दिसणे, तोंडाला पाणी सुटणे यांपैकी काही झाले तर काम थांबवावे, कपडे बदलून साबणाने अंग धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. डब्यावरचे नाव दिसले की डॉक्टरला योग्य उतारा लवकर देता येतो.